सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालये

महाराष्ट्राच्या दक्षिण टोकास, सह्याद्री व अरबी समुद्र यांच्या दरम्यानच्या चिंचोळ्या पट्टीत, लोकांनी वर्गणी व देणग्या यांच्या बळावर उभारलेल्या आणि पुढे शासकीय अनुदानाच्या आधाराने चालू राहिलेल्या वाचनसंस्था. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. पूर्वीच्या सावंतवाडी संस्थानचा मुलूख आणि मालवण, देवगड, वेंगुर्ले, कणकवली इ. ब्रिटिश अंमलाखालील प्रदेश यांचा त्यात समावेश होतो. जिल्हा नवा असला, तरी त्यातील ग्रंथालयांची परंपरा दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहे. लोकाश्रयावर वाढलेल्या संस्थांना राज्याने कोणत्या तत्त्वावर साहाय्य करावे आणि साक्षरतेच्या प्रसारातून निर्माण झालेल्या नव्या वाचकापर्यंत या संस्था कितपत पोहोचल्या, हे दोन प्रश्न या परंपरेच्या इतिहासात प्रकर्षाने पुढे येतात.

उगम : मराठीतील पहिले वृत्तपत्र दर्पण (६ जानेवारी १८३२) काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावचे. मुंबईतील ‘बॉम्बे नेटिव्ह जनरल लायब्ररी’च्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. वृत्तपत्र आणि वाचनालय ही एकाच लोकजागृतीची दोन अंगे आहेत, ही त्या पिढीची धारणा होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाच्या संस्था महाराष्ट्रात ठिकठिकाणी निघाल्या. त्यांपैकी रत्नागिरीची १८२८ मधील व पुण्याची १८४८ मधील संस्था विशेष उल्लेखनीय होय. ‘नेटिव्ह’ हे विशेषण त्या काळाची साक्ष देते. युरोपीय अधिकाऱ्यांची वाचनालये वेगळी असत आणि एतद्देशीयांना आपली सोय आपणच करावी लागे.

सावंतवाडी संस्थानचा कारभार १८३८ पासून इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला. त्यानंतर १८५२ मध्ये सावंतवाडी येथे जे ग्रंथालय स्थापन झाले, तेच आज श्रीराम वाचन मंदिर या नावाने ओळखले जाते. वेंगुर्ले हे त्या काळी गजबजलेले बंदर होते. डचांच्या वखारीपासून तेथे व्यापाराची परंपरा होती आणि घाटमाथ्यावरचा माल तेथून मुंबईस जाई. तेथील नगर वाचनालय १८७१ मध्ये सुरू झाले. या आरंभीच्या ग्रंथालयांचे सभासद म्हणजे मुख्यतः सरकारी नोकर, वकील, शिक्षक व व्यापारी. मासिक वर्गणी देणाऱ्यास ग्रंथ घरी नेता येत आणि इतरांस फार तर वृत्तपत्रे वाचावयास मिळत. कुळे, मच्छीमार, कारागीर आणि सर्व थरांतील स्त्रिया या वर्तुळाच्या बाहेरच राहिल्या. वर्गणी हा ग्रंथालयाचा आधार होता, तशीच ती त्याची मर्यादाही होती.

चाकरमानी व ग्रंथालये : दक्षिण कोकणातील शेती तुटपुंजी व पावसावर अवलंबून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या निघाल्या, तेव्हा त्यांना मजूर पुरविण्यात रत्नागिरी जिल्हा अग्रेसर ठरला. घरटी एकदोन पुरुष मुंबईस आणि बायका, मुले व वृद्ध माणसे गावी, अशी कुटुंबरचना त्यातून रूढ झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात १९९१ च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे १,१३७ स्त्रिया होत्या. २०११ मध्येही हे प्रमाण १,०३६ होते. ही आकडेवारी स्थलांतराच्या दीर्घ परंपरेची निदर्शक आहे.

या स्थलांतराचा वाचनाशी निकटचा संबंध आहे. मुंबईहून येणारी मनिऑर्डर आणि तिच्याबरोबरचा चार ओळींचा मजकूर हा कुटुंबाचा मुख्य दुवा होता. तो वाचण्यासाठी घरातील स्त्रीस पोस्टमन, शिक्षक किंवा शाळकरी मुलगा यांचे साहाय्य घ्यावे लागे. खाजगी मजकूर परक्याच्या तोंडून ऐकावा लागणे, ही निरक्षरतेची रोजची किंमत होती. अक्षरओळख ही येथे केवळ प्रतिष्ठेची बाब राहिली नाही, तर संसाराची गरज बनली. दुसरीकडे, मुंबईतील चाकरमान्यांनी गावोगावच्या नावाने ग्रामस्थ मंडळे स्थापन केली. देऊळ व शाळा यांच्या जोडीला वाचनालय हाही त्यांच्या देणग्यांचा विषय झाला. कपाट, पुस्तके, वृत्तपत्राची वर्गणी, क्वचित इमारत अशा स्वरूपात हा पैसा गावी येई. पुस्तके व नियतकालिके किनाऱ्यावरच्या आगबोटींनी मालवण, वेंगुर्ले, देवगड या बंदरांत उतरत. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या म्हणजे नवे वाङ्मयही थांबे.

मालवणचे नगर वाचन मंदिर, आचऱ्याचे श्री रामेश्वर वाचन मंदिर, देवगडचे उमाबाई बर्वे वाचनालय, बांद्याचे नट वाचनालय, शिरोड्याचे खटखटे ग्रंथालय, कणकवलीचे नगर वाचनालय ही या प्रदेशातील प्रमुख ग्रंथालयांची काही उदाहरणे होत. त्यांच्या नावांवरूनही ग्रामदैवत, दाते आणि नगर या तीन आश्रयस्थानांची कल्पना येते. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोडे येथे शिक्षक होते. विंदा करंदीकर, जयवंत दळवी, मंगेश पाडगावकर व चिं. त्र्यं. खानोलकर हे लेखक याच भूमीतील. यांपैकी कोणाच्याही घडणीचे श्रेय एकट्या ग्रंथालयास देता येणार नाही. तथापि छोट्या गावातही पुस्तक व मासिक हाताशी असणे ही या प्रदेशातील वाङ्मयीन जीवनाची एक पार्श्वभूमी होती.

राज्यसाहाय्याची पूर्वपीठिका : ग्रंथालय हे शिक्षणाइतकेच राज्याचे कर्तव्य आहे, हा विचार भारतात प्रथम बडोदे संस्थानात व्यवहारात आला. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये डब्ल्यू. ए. बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून ग्रंथालयांची साखळी निर्माण केली. खेड्यांसाठी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या सुरू झाल्या आणि गावच्या ग्रंथालयाचा खर्च लोक, प्रांत पंचायत व संस्थान यांनी समप्रमाणात सोसावा, असे ठरले. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयविषयक कायदा केला. तो भारतातील अशा स्वरूपाचा पहिला कायदा मानला जातो. कोल्हापूर हे सावंतवाडीचे घाटमाथ्यावरचे शेजारी संस्थान. तथापि १९४८ मध्ये सावंतवाडी आणि १९४९ मध्ये कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले आणि दोहोंचा ग्रंथालयविषयक कारभार प्रांताच्या धोरणाखाली आला.

मुंबई प्रांताचे धोरण १९३९ मध्ये नेमलेल्या ग्रंथालय विकास समितीने आखले होते. न्यायशास्त्रज्ञ आ. अ. अ. फैजी हे तिचे अध्यक्ष होते. मध्यवर्ती ग्रंथालयापासून प्रादेशिक, जिल्हा व तालुका या पायऱ्यांनी खेड्यापर्यंत पोहोचणारी योजना समितीने सुचविली. निधीअभावी आरंभी तिचे वरचे टप्पेच अंमलात आले. जिल्ह्याच्या ठिकाणी नवे शासकीय ग्रंथालय काढण्याऐवजी अस्तित्वात असलेल्या लोकसंस्थेसच मान्यता व अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. रत्नागिरी जिल्ह्यात हा मान रत्नागिरी शहरातील संस्थेस मिळाला. मालवण, वेंगुर्ले वा सावंतवाडी येथील वाचकास त्याचा प्रत्यक्ष उपयोग थोडाच होता. दक्षिणेकडील ग्रंथालये पूर्वीप्रमाणेच वर्गणी व देणग्यांवर चालत राहिली.

१९६७ चा अधिनियम : महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला व १ मे १९६८ पासून अंमलात आला. त्यानुसार ग्रंथालय संचालनालय, राज्य ग्रंथालय परिषद व जिल्हा ग्रंथालय समित्या यांची तरतूद झाली. राज्याने दरवर्षी किमान २५ लक्ष रुपये ग्रंथालय निधीत द्यावेत, असे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले. मद्रास (१९४८) व म्हैसूर (१९६५) येथील कायद्यांत मालमत्ता कर इ. स्थानिक करांवर ग्रंथालय उपकर बसविण्याची सोय होती. महाराष्ट्राने उपकराचे तत्त्व स्वीकारले नाही. शेजारच्या गोवा राज्याने १९९३ च्या आपल्या कायद्यात मद्यावरील अधिभाराचा मार्ग अवलंबिला.

उपकर नाकारण्यामागे सबळ कारण होते. महाराष्ट्रात लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांचे जाळे आधीच विणलेले होते. त्यांची मालकी व व्यवस्था लोकांकडे ठेवून राज्याने परिरक्षणाचा भार उचलावा, अशी भूमिका घेण्यात आली. १९७० च्या नियमांनुसार ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, कामाचे तास, कर्मचारी इ. निकषांवर ग्रंथालयांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असे वर्ग ठरतात आणि वर्गानुसार अनुदानाची कमाल मर्यादा ठरते. मान्य खर्चाचा काही भाग संस्थेने स्वतः उभा करावा लागतो. याखेरीज १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून (कोलकाता) ग्रंथ, इमारत व साधनसामग्री यांसाठी साहाय्य मिळते.

या धोरणाचा लाभ सिंधुदुर्गासारख्या प्रदेशास निश्चित झाला. जेथे शिक्षक, निवृत्त नोकर व चाकरमानी यांचे उत्साही मंडळ होते, तेथे अल्पावधीत मान्यताप्राप्त वाचनालय उभे राहिले. करावर आधारलेल्या यंत्रणेस एवढ्या लहान वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचणे कठीण गेले असते. परंतु या पद्धतीत ग्रंथालय कोठे असावे हे गरजेवरून ठरत नाही, तर मागणी करणाऱ्याच्या सामर्थ्यावरून ठरते. ज्या गावात संस्था काढण्याइतके शिकलेले लोक आहेत त्यास ग्रंथालय मिळते. ज्या वस्तीस त्याची सर्वांत अधिक निकड आहे, तिला ते सर्वांत उशिरा मिळते अथवा मिळतही नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेली दूरची गावे, धनगरवाडे आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्या या दृष्टीने मागे राहिल्या. उपकराच्या पद्धतीत करदाता म्हणून नागरिकाचा ग्रंथालयावर हक्क निर्माण होतो. अनुदानाच्या पद्धतीत तो हक्क संस्थेच्या सभासदत्वातून येतो.

अनुदानाचे स्वरूप : अनुदानाचा निम्मा भाग वेतनावर व निम्मा ग्रंथ, नियतकालिके, भाडे, वीज इ. वेतनेतर बाबींवर खर्च करावयाचा असतो. २०१२ मध्ये अनुदानात ५० टक्के वाढ झाली, तेव्हा ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान २०,००० रुपयांवरून ३०,००० रुपये झाले. त्यातील निम्मे वेतनासाठी धरल्यास ग्रंथपालाच्या वाट्यास दरमहा १,२५० रुपये येतात. २०२२ च्या अखेरीस शासनाने आणखी ६० टक्के वाढ जाहीर केली. तिच्या हिशेबाने ‘ड’ वर्गाचे अनुदान ४८,००० रुपये आणि ग्रंथपालाचे मासिक वेतन २,००० रुपये होते. खेड्यातील ग्रंथालय सायंकाळी दोनतीन तास उघडे असते. ते चालविणारी व्यक्ती, जी अनेक ठिकाणी गावातीलच एखादी गृहिणी वा तरुण असते, वेतनासाठी काम करते असे म्हणता येणे कठीण आहे. कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेणीचा व सेवाशर्तींचा प्रश्न प्रभा राव समिती व पुढे व्यंकप्पा पतकी समिती यांच्यापुढे आला. तथापि ग्रंथपालाचा पगार हा आजही संस्थेच्या अनुदानाचा एक तुकडाच राहिला आहे, राज्याने स्वीकारलेले वेतन नव्हे.

अनुदानाचे दर राज्यभर एकच आहेत. कोकणात मात्र ग्रंथसंग्रह टिकविणे हाच एक स्वतंत्र खर्च असतो. सिंधुदुर्गात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर या काळात कपाटांत ओल धरते, पुठ्ठे सुटतात, पानांवर बुरशी चढते आणि वाळवी व कसर यांचा उपद्रव होतो. जांभ्या दगडाच्या व कौलारू छपराच्या जुन्या इमारतींत दरवर्षी शाकारणी करावी लागते. उन्हे पडताच पुस्तके बाहेर काढून त्यांस हवा देणे हा येथील ग्रंथपालांच्या कामाचा ठरलेला भाग आहे. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथ व नियतकालिकांचे जुने अंक ज्या संस्थांकडे आहेत, त्यांच्या दृष्टीने ही बाब अधिक गंभीर ठरते, कारण असा ग्रंथ एकदा गेला म्हणजे पुन्हा विकत मिळत नाही.

२०१२ मध्ये महसूल यंत्रणेमार्फत राज्यभरातील ग्रंथालयांची पडताळणी करण्यात आली. निकष न पाळणाऱ्या व केवळ कागदोपत्री चालणाऱ्या संस्था तीत आढळून आल्या. त्यानंतर नवीन ग्रंथालयांना मान्यता देणे व वर्गवाढ करणे दीर्घकाळ थांबविण्यात आले. गैरप्रकारांना आळा घालणे आवश्यकच होते. परंतु त्यामुळे प्रामाणिकपणे चाललेल्या संस्थांचीही वाढ खुंटली आणि ज्या गावात २०१२ पूर्वी ग्रंथालय नव्हते, त्याला अनुदानाचा मार्गच बंद झाला.

साक्षरताप्रसार : प्रौढ साक्षरतेसाठी मुंबई प्रांतात १९३९ पासून प्रयत्न सुरू झाले. सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर नेण्यात आली. राष्ट्रीय साक्षरता अभियानाची स्थापना मे १९८८ मध्ये झाली. केरळमधील एर्नाकुलम हा फेब्रुवारी १९९० मध्ये संपूर्ण साक्षर घोषित झालेला पहिला जिल्हा. त्याच धर्तीवर संपूर्ण साक्षरता अभियान हाती घेणाऱ्या महाराष्ट्रातील आरंभीच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग व वर्धा यांचा समावेश होता. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील साक्षरता समिती, विनामूल्य शिकविणारे स्वयंसेवक, तीन भागांची वाचनपाठमाला आणि कलाजथ्यांचे कार्यक्रम हे अभियानाचे स्वरूप होते. दिवसा शेतात वा काजूच्या कारखान्यात राबणाऱ्या स्त्रिया रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवू लागल्या. स्वतःची सही करता येणे आणि मनिऑर्डरवरचा मजकूर स्वतः वाचता येणे, हे त्यांच्यापुढील पहिले उद्दिष्ट होते.

जनगणनेनुसार सिंधुदुर्गातील साक्षरतेचे प्रमाण १९९१ मध्ये सुमारे ७६ टक्के, २००१ मध्ये ८०.३ टक्के आणि २०११ मध्ये ८५.५६ टक्के होते. २०११ मधील राज्याची सरासरी ८२.३४ टक्के होती. पुरुष व स्त्रिया यांच्यातील तफावत २००१ मध्ये सुमारे १९ टक्क्यांची होती, ती २०११ मध्ये सुमारे १२ टक्क्यांवर आली (पुरुष ९१.५८, स्त्रिया ७९.८१). या प्रगतीत प्राथमिक शाळांचा वाटा सर्वांत मोठा असला, तरी अभियानाने प्रौढ स्त्रियांच्या मनातील संकोच दूर केला, हे त्याचे महत्त्वाचे कार्य होय.

अभियानाची दुसरी पायरी मात्र डळमळीत राहिली. अक्षरओळख झालेल्या व्यक्तीस वाचावयास काही मिळाले नाही, तर थोड्याच वर्षांत ती पुन्हा निरक्षरतेकडे वळते. साक्षरोत्तर कार्यक्रमात नवसाक्षरांसाठी लहान पुस्तिका निघाल्या व वाचन केंद्रेही काढण्यात आली. परंतु ती साक्षरता समितीच्या अखत्यारीत होती आणि सार्वजनिक ग्रंथालये ग्रंथालय संचालनालयाच्या. एकाच गावात दोन खात्यांच्या दोन यंत्रणा परस्परांची दखल न घेता चालल्या. अभियानाचा निधी संपला, तशी केंद्रे बंद पडली. वाचनालय उघडे होते, पण त्यातील कपाटे कादंबऱ्या, चरित्रे व धार्मिक ग्रंथ यांनी भरलेली होती. मोठ्या टायपातील, सोप्या वाक्यांचे व मालवणी बोलणाऱ्या स्त्रीस आपले वाटेल असे पुस्तक तेथे क्वचितच असे. शिवाय वाचनालयाची सायंकाळची वेळ ही तिची चुलीची वेळ होती. प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे, हे शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेले ग्रंथालयशास्त्राचे सूत्र येथे नेमके याच वाचकाच्या बाबतीत अपुरे पडले. २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू झाला असून त्यातही ग्रंथालयांशी सांगड घालण्याचा हाच प्रश्न कळीचा आहे.

मूल्यमापन : जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील ८,६८,८२५ वरून २०११ मध्ये ८,४९,६५१ पर्यंत घटली. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचा आधार विरळ झाला आणि देणगी देणारी चाकरमान्यांची पिढीही मावळत गेली. तरुण शिक्षणासाठी बाहेर जातात. मागे उरतात ती वृद्ध माणसे व शाळकरी मुले, आणि ग्रंथालयाचे सभासदही मुख्यतः तेच. अनेक संस्थांनी बालविभाग, व्याख्यानमाला, कथाकथन व स्पर्धापरीक्षांसाठी अभ्यासिका असे उपक्रम चालवून आपली उपयुक्तता टिकवून ठेवली आहे. दूरदर्शन व भ्रमणध्वनी यांच्या प्रसारानंतरही जुन्या संस्था चालू राहिल्या, याचे कारण त्या गावाच्या स्वतःच्या आहेत, हे होय.

लोकांनी संस्था काढावी व राज्याने तिला हातभार लावावा, या तत्त्वावर महाराष्ट्राने आपली ग्रंथालयव्यवस्था उभारली. त्या तत्त्वाचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा ही दोन्ही सिंधुदुर्गात ठळकपणे दिसतात. लोकाश्रयाने ग्रंथालय जन्मास येते व त्यास आपलेपणा लाभतो. परंतु ग्रंथपालास जगण्यापुरते वेतन, ओलीपासून ग्रंथांचे रक्षण आणि संस्था काढण्याची ऐपत नसलेल्या वस्तीपर्यंत पुस्तकांची पेटी या तीन गोष्टी वर्गणीतून भागत नाहीत. त्या राज्यानेच कर्तव्य म्हणून स्वीकारावयाच्या आहेत. या जिल्ह्यात सहीपुरती साक्षर झालेली स्त्री आणि पुस्तकांनी भरलेले वाचनालय ही दोन्ही एकाच गावात आहेत. त्यांची गाठ पडणे, हे साक्षरताप्रसाराचे अपुरे राहिलेले कार्य होय.